बार एकच होता

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे आणि मला त्याची फार आठवण येते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कायद्याचं बोलणं येणार आणि त्यात माणूस बाजूला पडतो.

आमची मेंढरं. सुगीनंतर आम्ही सोनपेठच्या बाजूला गोदावरीकाठी रानांत मेंढरं बसवायचो. शेतकऱ्याला लेंड्यांचं खत, आम्हाला ज्वारी. त्या वर्षी कळप कुणाच्या तरी उभ्या हरभऱ्यात शिरला. शेताचे मालक दोघे सख्खे भाऊ. काठ्या घेऊन धावत आले, आमच्या कुत्र्याला बडवलं, मग माझ्या भावाच्या अंगावर गेले. पालात आजोबांची ठासणीची बंदूक होती, लांडग्यांना भिववायला. तिचा परवाना आजोबांबरोबरच संपलेला. भावानं ती उचलली आणि जमिनीकडे रोखून एक बार काढला. छर्रे फाकले. एकाच्या मांडीत गेले, दुसऱ्याच्या हातात. दोघंही वाचले, देवाची कृपा. मांडीत लागलेला अजून लंगडतो.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतःच त्याला पोलीस ठाण्यात नेलं. लपवण्यासारखं काही नाही, बार एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्यात कळप पिकात शिरला तर भांडण एका शिरकावाचं धरतात, किती तोंडांनी खाल्लं ते कुणी विचारत नाही. अप्पांनी कोर्टही त्याच हिशेबात बसवलं होतं.

परभणीला वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. आपल्या केसमध्ये बार किती झाले यापेक्षा लागलं किती जणांना, हे बघतील. दोन माणसं जखमी म्हणून दोन गुन्हे, विनापरवाना बंदूक हा तिसरा. शिक्षा एकत्र भोगता येतात, पण जज साहेबांनी तसं निकालात लिहिलं तर. नाही लिहिलं तर एक संपली की दुसरी सुरू. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचा जीव त्या एका वाक्यात अडकला.

ते वाक्य अर्धंच आलं. बंदुकीची शिक्षा पहिलीसोबत, पण दुसऱ्या माणसाची पहिलीनंतर. अप्पा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून राहिले. बार एकच तर सजा दोन कशाला, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी आई म्हणाली, “शेळी येकदाच विते. पन करडं दोन आसली तर दोनीबी पाजावी लागतेत.”

मला आईचा राग आला. तिचं खरं होतं, म्हणूनच आला.

भावानं मला जावळाची घोंगडी कबूल केली होती. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, हाताला लागते न लागते इतकी मऊ. कातरायला त्याच्याच हाताची सवय. कोकरू त्याच्या मांडीवर गप पडून राहायचं. आता कातरणी माणूस लावून होते आणि कोकरं ओरडून रान डोक्यावर घेतात. भेटीला गेलं की तो आधी कोकरांचं विचारतो, मग माझ्या लेकरांचं. मी रुसल्यासारखं करते, तो हसतो, आणि भेटीची वेळ संपते.

वरच्या कोर्टात अपील पडून आहे. तेवढ्यात यंदाच्या उन्हाळ्यात पहिली शिक्षा संपली. त्या दिवशी सकाळी मला ताडकळसला, माझ्या सासरी, आईचा फोन आला: अप्पा धुतलेलं धोतर नेसून, घोंगडी खांद्यावर टाकून सोनपेठच्या स्टँडवर जाऊन बसलेत, कुणाचं ऐकायलाले न्हाईत. म्हातारपणी एकेकाला भारी खूळ सुचतं, असं मनात म्हणत, गाड्या बदलत मी पोचले. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं.

अप्पांनी बाकड्यावर मला जागा करून दिली. मी म्हटलं, “अप्पा, आज दुसरी सुरू झालीय. तो येणार नाही.”

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “दुसरी सरंपर्यंत मी आसन का न्हाई, कोन सांगावं. म्हनून आजच वाट बघून घ्यायलोय.”

मला रडू आलं. पदरानं तोंड पुसेपर्यंत परभणीची गाडी आत आली. अप्पा उठून दाराशी गेले. मी त्यांना धरून उभी राहिले आणि मीही उतरणारा एकेक माणूस बघायला लागले.