बायाबाई, रोवणीची मुकादम

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. सकाळी दाट धुके. कालव्याच्या पाण्याची आपली पाळी शुक्रवारपर्यंतच. बायाबाईची टोळी पावणेनऊला आली. रंजूसकट बारा जणी. अकराच्या सुमारास धानाच्या खाचरात, बांधीवर, जे झाले ते सविस्तर लिहून ठेवते.

बायाबाई आमच्या वावरात उन्हाळी धानाची रोवणी करायला येते त्याला पंधरा वर्षे झाली. तिचे मूळ गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेले. नवरा बाबुलाल धरणात मासे धरतो. ती चौथीपर्यंत शिकली आहे. माझे मिस्टर पवनीत हेडमास्तर होते. शिक्षकांची भांडणे सोडवून घरी आले की म्हणायचे, "माझ्या खुर्चीत एक महिना बायाबाईला बसवून बघायला पाहिजे."

ती ओरडत नाही. सकाळी बाया बांधीच्या कडेला धुऱ्यावर चपला काढतात तेव्हा नुसती बघत उभी राहते. कोण चपला आदळते, कोण बोलत नाही, कोणाचे डोळे सुजलेले आहेत. मग कोणी कुठे उभे राहायचे ते सांगते. घरी भांडून आलेलीला सुंदरबाईच्या शेजारी जागा मिळते, कारण सुंदरबाईजवळ फार वेळ रागात राहता येत नाही. रोवताना सगळ्या ओळीने मागे मागे सरकतात. एखादी हळू पडली तर तिच्या वाट्याचे दोन-चार पऱ्हे, म्हणजे रोपे, शेजारणीने लावून टाकायचे आणि त्याबद्दल बोलायचे नाही, हा या टोळीचा नियम.

रंजू आज दोन महिन्यांनी कामावर आली. नोव्हेंबरात सातव्या महिन्यात पोटातच तिचे बाळ गेले. पोर बावीस-तेवीस वर्षांची. काल बायाबाई घरोघर जाऊन बायांना सांगून आली होती, की तिच्यासमोर लेकराची गोष्ट काढायची नाही, आणि गाणेही नको. थंड पाण्यात वाकून तिची कंबर दुखेल म्हणून तिला धुऱ्यावर उभे केले. पऱ्ह्यांच्या पेंड्या खाली फेकायच्या, एवढेच काम. एरवी ते काम म्हाताऱ्यांचे.

मी चहा घेऊन गेले तेव्हा बांधीत आवाज नव्हता. एवढ्या बाया आणि फक्त चिखलात पाय उचलल्याचा आवाज. एका कोपऱ्यात जागा सुटलेली रंजूला दिसली. ती खाली उतरली, पेंडी सोडली. सुंदरबाई घाईने म्हणाली, "राहू दे वो, तू नोको हात लावू."

रंजूने पेंडी ठेवली. पाटात हात धुतले आणि चपला घालू लागली.

"काहून वो? कोठी चालली?" बायाबाईने विचारले.

"घरी. माह्या हातचा पऱ्हा लावला तं तुमचं धान मरन ना! सकायपासून पाहून राहिली मी. कोणी बोलत नाही, गाणं नाही, पऱ्ह्याले हात लावू देत नाही. उद्यापासून येत नाही मी."

सुंदरबाईने चिखलाचा हात तोंडावर ठेवला. "अवो माये, तुही कंबर दुखन म्हून म्हणलं मी!"

रंजू ऐकायला तयार नव्हती. आज ती गेली असती तर पुन्हा कुठल्याच रोवणीवर दिसली नसती. मला वाटले, बायाबाई तिला समजावील, आमच्या मनात तसे नव्हते म्हणेल. ते खरेही होते. पण ती बांधीतून वर आली, रंजूशेजारी धुऱ्यावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मी चुकली, रंजू. या बायायचा काही गुन्हा नाही. बोलू नोका म्हून मीच सांगतलं. तुले वर ठेवलं तेबी मीच. तुले एका शब्दानं इचारलं नाही."

मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे चूक कबूल करायची ती चर्चमध्ये फादरपुढे, जाळीमागे, हळू आवाजात. टोळीच्या मुकादमाने भर बांधीत असे बोललेले मी पहिल्यांदा ऐकले.

रंजू उभीच होती. बायाबाईने विचारले, "नाव काय ठेवणार होती वो?"

"नंदिनी," रंजू म्हणाली, आणि मग खाली बसून खूप रडली. बायाबाईने तिला गप्प केले नाही. कोणीच केले नाही. सुंदरबाई एवढेच म्हणाली, "चांगलं नाव होतं."

थोड्या वेळाने बायाबाईने माझ्याकडे पाहिले. "मोठी बांधी बाकी हाय, बाई. तिच्यातला पयला पऱ्हा रंजूनं लावावा, असं वाटते मले. पण वावर तुमचं हाय."

मी लगेच बोलले नाही, हे इथे लिहायला हवे. मिस्टर गेल्यापासून अकरा वर्षे पहिला पऱ्हा मी शेजारच्या सवाष्ण गोदावरीबाईंकडून लावून घेते. मला कोणी तसे सांगितले नव्हते. माझे मीच ठरवले होते.

"लाव, रंजू," मी म्हणाले. "पेंड्या मी देते."

"आता बाई चिखलात पडल्या तं काढाले ट्रॅक्टर लागन!" सुंदरबाई म्हणाली, आणि रंजूसुद्धा हसली.

मोठ्या बांधीत पहिला पऱ्हा तिने लावला. हात चांगला होता, पण वेग नव्हता. बायाबाई तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिने स्वतःचा हात रंजूइतका सावकाश केला. अर्ध्या तासाने पलीकडच्या टोकाला कोणीतरी गाणे धरले. दुसरे कडवे रंजूने उचलले. मी दुपारी तीनपर्यंत पेंड्या दिल्या. बांधी पुरी झाली नाही. उद्या नऊला सगळ्या येणार आहेत.

संध्याकाळी खिचडी केली. पांढऱ्या साडीचा चिखल दोनदा धुऊनही निघाला नाही. सोडा घालून बादलीत भिजत टाकली आहे.