लोटूचा हात

निंबोल्याचा लोटू तसा लाख माणूस, पण गुस्सा आला की आधी हात सुटायचा, अक्कल मागून यायची. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून त्यानं सख्ख्या भावाचा, गिरधरचा, हात पिरगाळून मोडला. तेव्हाच त्याची बायको कोकिळा बोलली, "अजून एकदा हात उचलला ना, तर पोरांना घेऊन इच्छापुरला माहेरी चालले मी. मंग बसा एकटे."

मंग लोटू येशूच्या मार्गाला लागला. दिवाळीनंतर पास्टरजींच्या हातून ताप्तीत बाप्तिस्मा घेतला. भोळ्याला वाटलं, जुना लोटू गेला वाहून!

आता वैशाखातली गोष्ट. विहीर दोघा भावांची. पाळी लोटूची, अन् गिरधरनं येऊन पाण्याचा कॉक बंद केला.

"काय येशूवाले, एक गाल झाला, दुसरा दे ना!"

लोटू घराकडं वळला.

"कोळसा ताप्तीत धुतला तरी कोळसाच. बघ, मूठ वळली!"

वळलीच होती. लोटू तसाच घरी आला. बसला, उठला, पाणी पिला, परत उठला. भाकर तशीच.

"पास्टरजी खोटं बोलले," तो म्हणे. "देहाचं नको ऐकू, आत्म्याचं ऐक म्हणे. इथं देह बोंबलतोय, आत्म्याचं काही ऐकूच येत नाय. मेला नाय तो जुना लोटू."

कोकिळा चुलीपुढून म्हणाली, "केळीच्या बुडाचं पील एकदा कापून सुटलात का कधी? परत कोंब फुटतोच. नाय कापलं तर घडाचं खत-पाणी खाऊन टाकतं. पास्टरजींनी कापणं बंद करा सांगितलं का?"

लोटूनं कोयता उचलला.

"कुठं चालले?"

"शेतात."

कोकिळा चूल तशीच टाकून मागं पळाली.

गिरधर निंबाखाली आडवा. लोटू बांधावर थांबला. "येशू बाप्पा, धर मला," एवढंच पुटपुटला, अन् बांध ओलांडून गिरधरच्या केळीत घुसला.

"अरे, माझी बाग तोडतो का रे!" गिरधर ओरडत धावला.

लोटू बुडाशी उकिडवा बसून पिलं कापत होता. मोडक्या हातानं गिरधरला कोयता धरवत नव्हता, म्हणून पिलं गुडघ्याएवढी वाढली होती.

"तुझा हात अजून चालत नाय ना," लोटू मान खाली घालून बोलला. "माझ्यानंच मोडला."

गिरधर बघत राहिला. "नाटक्या," म्हणाला, अन् निघून गेला. कॉक काही खोलला नाय.

लोटूच्या छातीत परत भडका उठला. तो कापत राहिला, ओळीमागून ओळ, दिवस कलेपर्यंत. कोकिळा मागून पिलं गोळा करत होती.

परतताना तिनं बोट दाखवलं. दुपारी कापलेल्या पहिल्या पिलातून पांढरा गाभा बोटभर वर आला होता.

लोटू खाली बसला. परत कोयता लावला.