पाठदुखी सांगून आलेले

खरं दुखणं डॉक्टरांना सांगायला पुरुषमाणसाला किती दिवस लागतात, सांगा बरं? आमच्या सेलूच्या दवाखान्यात एकाला मालिशच्या तेलाच्या तीन बाटल्या लागल्या! मी तिथे केसपेपर लिहायची, सुया उकळायची. पडद्याअलीकडे बसून असे किस्से इतके साठले, की आता सांगितल्यावाचून राहवत नाही. नावं अर्थात बदलली आहेत.

तेलवाला तो नामदेव. चौथ्या खेपेला डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "पाठ नेमकी केव्हा दुखते रे?" तेव्हा कुठे बांध फुटला. संबंध होतो, पण कितीही वेळ गेला तरी वीर्य बाहेर पडत नाही. लग्नाला तीन वर्षं, मूल नाही. आईनं दोष सुनेच्या, कौसल्येच्या माथी मारला होता. दुसऱ्याच दिवशी कौसल्येचे वडील सिंदीहून येऊन तिला कायमची घेऊन जाणार होते.

"दोस्त म्हणतात, तू तर पैलवान हायेस," नामदेव म्हणाला. "मी थकून राह्यलो साहेब, अन् बायको रडून राह्यली."

साहेबांचा पहिला प्रश्न, "कसल्या गोळ्या खातोस का?"

*

हा प्रश्न आला एका किराणा दुकानदारामुळे. त्यालाही हेच दुखणं. बाजारात तंबू ठोकणाऱ्या एका वैद्याकडून तो ताकदीच्या गोळ्या घ्यायचा. साहेबांनी एक फोडून हुंगली. अफू! ताकद कसली, तिच्यानंच सगळं अडून बसलेलं. गोळी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितली. त्याच्या जागी दुसरी द्या म्हणून तो हटून बसला, पण साहेबांनी काही दिलं नाही.

दोन महिन्यांनी पेढे घेऊन हजर. "साहेब, तुम्ही नाई दिलेलं औषध लय लागू पडलं. माह्या भावालेही तेच द्या."

*

नामदेव गोळ्या खात नव्हता. दुसरा प्रश्न, "लघवीला मुंग्या लागतात का?"

यावर पूर्वी एक गुरुजी भडकले होते. "मी बायकोचं सांगून राह्यलो, अन् तुम्ही मुंग्यांचं काय विचारता?" पण मुंग्या लागत होत्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या नसा मंदावल्या होत्या. नागपूरला इलाज सुरू झाला, साखर आटोक्यात आली, तसा थोडा फरक पडला. गुरुजी पुढे ओळखीच्या प्रत्येकाला मुंग्यांचं विचारू लागले, ते वेगळंच!

*

नामदेवला मुंग्याही नव्हत्या. तिसरा प्रश्न, "घरात झोपता कुठे?"

घर एका खोलीचं. मध्ये लुगड्याचा पडदा, पलीकडे आई. जरा खाट करकरली, की आई विचारायची, "नामदेव, झोप नाई येऊन राह्यली का?" झालं! पोराचं सगळं अंग गोठायचं. तीन वर्षं हेच.

साहेबांनी औषध लिहिलं नाही. महिनाभर नवराबायकोला एकांत हवा, म्हणाले. पंधरा दिवस तर शेवट होतो की नाही ते बघायचंच नाही. नुसतं जवळ राहायचं, काय बरं वाटतं ते एकमेकांना सांगायचं. भीती गेली, की बाकीचं बहुतेक आपोआप जमेल. नाही जमलं तर पुन्हा यायचं, लाजायचं नाही.

पण आईला हे सांगणार कोण? नामदेव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. कौसल्येची पेटी दाराशी बांधून ठेवली होती. ती पाण्याला गेलेली. मी मॅट्रिक पास, पण 'वीर्य' या एका शब्दाशी अडले ते अडलेच.

म्हातारी म्हणाली, "बाई, चार लेकरं झाली मले. सांगा सरळ."

मी सांगितलं. दोष कौसल्येचा नाही, तुमच्या लेकाचाही नाही, हेही सांगितलं. म्हातारीनं मधल्या लुगड्याचा पदर चिमटीत धरला. मग म्हणाली, "माही सासूबी अशीच पडद्यापलीकडून खोकलत राहे. मले कसं नाई सुचलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्येचे वडील बैलांची दमणी घेऊन आले, तेव्हा कौसल्येऐवजी दमणीत म्हातारीच आपली वळकटी घेऊन बसली, आणि मोटार-स्टँडवर उतरून महिनाभरासाठी तळेगावला लेकीकडे गेली.