जिथे लाख बसत नाही

मस्तान चाचांचं दुकान आमच्या चन्नपट्टणच्या कॉलेजमागच्या गल्लीत. चाळीस वर्षं लेथवर लाकडाची खेळणी कातली त्यांनी, भोवरे, बदकं, खुळखुळे. आता हात थरथरतो. मुलगा सादिक म्हणाला, अब्बा, पुढची ऑर्डर धड झाली नाही तर लेथ विकायचा, बोटं जातील तुमची. चाचा हो म्हणाले होते.

आणि ती पुढची ऑर्डर मी नेली. वहीतलं पी ऑर्बिटलचं चित्र. केमिस्ट्रीच्या पद्मलता मॅडमना वर्गात दाखवायला मॉडेल हवं होतं आणि मी पटकन बोलून बसले, चाचा देतील करून.

"हा तर खुळखुळा," चाचा म्हणाले. "दोन्हीकडे डोकं."

"यात इलेक्ट्रॉन राहतो, चाचा."

"कुठल्या डोक्यात?"

"दोन्हीत. मधे मात्र कधीच नाही."

"मग इकडून तिकडे जातो कुठून? तुला तरी कळलंय का, पोरी?"

नव्हतं कळलं. पाठ होतं नुसतं.

त्यांनी एकाच कुड्याच्या लाकडातून कातलं, त्यांच्याकडे जोडकाम म्हणजे लाज. मॅडम म्हणाल्या, सुंदर आहे, पण मधली मान नको, तिथे काहीच नसतं. चाचांनी मान बारीक करायला घेतली. हात हलला, तुटली. दुसरीही तुटली. सादिक दारात उभा राहून म्हणाला, "उद्या माणूस येतोय लेथ बघायला." मला रडूच आलं, सगळं माझ्यामुळे.

 चाचांनी तुटलेला एक गोळा लेथवर मुद्दाम वाकडा लावला आणि फिरवला. दुपारचं ऊन भुशातून तरंगत आत येत होतं. लाकूड दिसेनासंच झालं. त्या जागी नुसतं धुकं, मधे दाट, कडेला विरत गेलेलं. मी बघतच बसले, किती वेळ कुणास ठाऊक.

"लाकूड आत्ता कुठेय?" चाचांनी विचारलं.

"इथेच कुठेतरी."

"नीट सांग."

"इथे जास्त, तिथे कमी."

आणि बोलता बोलता मला ऑर्बिटल कळलं. म्हणजे मॅडम नंतर म्हणाल्या की इलेक्ट्रॉन असा गरगर फिरत नाही, पण धुकं बरोबर आहे, तो कुठे सापडेल याच्या शक्यतेचं धुकं.

"धुक्याला मान लागत नाही," चाचा म्हणाले, "पण लाकडाला लागते. राहू दे तिला."

तिसऱ्यांदा मान जाडच ठेवली. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली, ती वितळून बसत गेली, एक गोळा लाल, एक पिवळा. मानेपाशी आल्यावर हात उचलला. तिथे कोरं लाकूड. मग केवड्याच्या पानाने चमकवलं. हात थरथरल्यामुळे बाहेरच्या कडांना रंग पुसट झाला होता आणि त्यांनी ते माझ्यापासून लपवायला बघितलं.

मॅडमनी वर्गात कोऱ्या मानेवर बोट ठेवलं. "इथे इलेक्ट्रॉन कधीच नाही." मग पुसट कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आणि हे कसं जमलं त्यांना? ऑर्बिटलला कड नसतेच. पुस्तकातसुद्धा चुकीची रेघ असते."

मी धावतच गल्लीत गेले. लेथ बघायला आलेला माणूस बाकड्यावर चहा पीत होता. मी सगळं सांगितलं, कडांचंही. चाचा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. सादिकही.

"मॅडमना आता डी ऑर्बिटल हवंय," मी म्हणाले. "चार पाकळ्यांचं."

"लेथवर चार पाकळ्या होत नाहीत," सादिक म्हणाला.

"वही इकडे दे," चाचा म्हणाले. "आणि सादिक, या पाहुण्यांना अजून एक चहा पाज आणि घरी सोडून ये."