काकांची अमेरिका

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधले काका लिफ्टपाशी भेटले, की मी हातातली पिशवी खाली ठेवते. सुटका नसतेच. लिफ्ट येऊन जाते, काका दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकेवर घसरलेले असतात. "जपान मांचुरिया घेतो, मग चीनमध्ये घुसतो, आणि ही अमेरिकाबाई म्हणते, आमचा काय संबंध! वर त्याच जपानला तेल आणि भंगार लोखंड विकते. सांगा ना, अक्कल नको?" दर 'सांगा ना'ला चष्मा वर ढकलतात, बोलू मात्र देत नाहीत.

इकडे आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या शेजाऱ्याने आधी चपलांचं कपाट पॅसेजमध्ये काढलं, मग कुंड्या. आता तिथून आडवं होऊन चालावं लागतं. तक्रारीवर सही मागायला गेले, तर काका म्हणाले, "आपण कशाला मध्ये पडायचं?"

काल तो शेजारी भिंतीला भोकं पाडून थेट काकांच्या दारापर्यंत लोखंडी रॅक ठोकत होता.

"काका, बघताय ना?"

"बघतोय की. ड्रिल मशीन माझंच आहे."

"तुम्ही दिलंत?"

"मागितल्यावर नाही कसं म्हणणार?" काकांनी चष्मा वर ढकलला. "हां, तर अमेरिका..."