भरल्या गाडीची पहिली खेप

माझ्या आधी आमच्या घरात कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो आणि पुढे सगळा जन्म ट्रकच्या खाली उताणा पडून काढला. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान आहे. पण दुसऱ्या गोष्टीचा अभिमान माझ्या वडिलांना वाटावा, यासाठी मला वाट पाहावी लागली. ती वाट कुठे संपली, ते सांगतो.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा नगरच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पुढे लांब नाक असलेली, हिरव्या रंगाची ती गाडी. डोंगरात मीठ, सिमेंट, पत्रे घेऊन जायचं आणि तिकडून तांदूळ भरून खाली उतरायचं, हे त्यांचं काम. स्वतः चौथी शिकलेल्या या माणसाने मला संगमनेरला खोली करून दिली, कॉलेजात घातलं. ट्रकमधून जाता जाता खोलीसमोर थांबून डबा देत आणि इंजिन बंद न करताच निघून जात. त्यांची एकच इच्छा होती, पोराने खुर्चीवर बसावं. हायस्कूलचा मास्तर झाला तर फारच उत्तम.

मीही मास्तरकीसाठी अर्ज केले होते. उत्तरांची वाट बघताना रिकामं बसवेना, म्हणून कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावरच्या गॅरेजात जाऊ लागलो. तिथले उस्ताद नगरचे. पांढरी दाढी, कानाला अडकवलेली विडी आणि इंजिनाचा आवाज ऐकताना डोळे मिटायची सवय. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, किती दिवस येणार? मी म्हणालो, नोकरी लागेपर्यंत. पुढे एका शाळेचं बोलावणं आलं तेव्हा मी एका गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत बुडालेलो होतो. मी गेलो नाही. कॉलेजात द्रवाच्या दाबाचा नियम मी पाठ केला होता, पण एवढ्याशा नळीतल्या तेलाच्या जोरावर भरलेली गाडी थांबते हे हाताला कळलं ते या गॅरेजात. तो आनंद मला सोडवेना.

अण्णांना हे कळल्यावर ते ओरडले नाहीत. फक्त आमच्या गॅरेजात येणं त्यांनी बंद केलं. कधी नाइलाजाने गाडी उभी करावीच लागली तर केबिनमध्ये बसून राहत आणि उस्तादांना सांगत की माझ्या गाडीला याचा हात लागता कामा नये. बाकीचे ड्रायव्हर माझी थट्टा करत. साहेब, पाना देऊ का पेन, असं विचारत. एकाने तर मला बी.एस्सी. मिस्त्री असं नावच पाडलं होतं आणि ते रस्ताभर झालं होतं. चेष्टेचं मला काही वाटत नसे. अण्णा केबिनच्या काचेतून दुसरीकडे बघत बसत, ते मात्र लागे.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला भाताची कापणी उरकून तांदूळ बाजारात निघायचे दिवस. एका सकाळी अण्णांची गाडी गॅरेजसमोर आली ती उभी राहायच्या जागेच्या बरीच पुढे जाऊन थांबली. ब्रेक गेल्यात जमा होते. दुसऱ्या दिवशी डोंगरात राजूरला जाऊन तांदूळ भरायचा होता आणि भरलेली गाडी घाटातून खाली आणायची होती. त्याच आठवड्यात पाना सटकून उस्तादांच्या मनगटाला मार बसला होता. हात गळ्यात बांधून ते स्टुलावर बसून होते.

उस्ताद अण्णांना म्हणाले, "मी बघतो, हा ब्रेक बांधतो. पटत असेल तर गाडी आत घे. नाहीतर अशीच जा संगमनेरपर्यंत."

अण्णांनी पेडल एकदा दाबून बघितलं, ते तळाला टेकलं. मग त्यांनी गाडी आत घेतली.

मी चाकं उतरवली. ब्रेकच्या शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजून रिव्हेटपर्यंत आले होते आणि दोन चाकांच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं. गळक्या सिलिंडरांची रबरं बदलली, जुने रिव्हेट छिन्नीने उडवले, नवे लायनर तांब्याच्या रिव्हेटांनी मधून कडेकडे ठोकत बसवले. मग ड्रमला आतून खडू फासला. ड्रम चढवून फिरवला की लायनरला जिथे खडू लागतो तिथे उंचवटा असतो. तो कानशीने घासायचा, पुन्हा खडू, पुन्हा फिरवायचा, असं करत लायनर सगळीकडे सारखा टेकेपर्यंत. घाईचे मिस्त्री हे करत नाहीत, लायनर रस्त्यावर घासून आपोआप बसेल म्हणतात. उस्तादांना ते चालत नसे. अण्णा दाराशी उभे राहून माझ्या हातातला खडू बघत होते. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळत होतं. मी मान खाली घालून घासत राहिलो.

शेवटचं काम नळ्यांमधली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली. उस्तादांनी अण्णांनाच केबिनमध्ये बसायला सांगितलं. मी खालून म्हणायचं, मारा. अण्णांनी पेडल मारायचं. मी म्हणायचं, धरा. त्यांनी दाबून धरायचं, मी चाकामागचा छोटा नट सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि म्हणायचं, सोडा. आयुष्यभर त्यांनी सांगावं आणि मी करावं असं चाललेलं. त्या दुपारी मी गाडीखालून सांगत होतो आणि वरून पेडल बरोबर दाबलं जात होतं, बरोबर सुटत होतं.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याने ब्रेक बांधले त्याने भरल्या गाडीच्या पहिल्या खेपेला ड्रायव्हरशेजारी बसायचं. उस्ताद स्वतः त्या वयातही बसत, डबा बांधून घेऊन. ब्रेक बांधणारा गॅरेजात चहा पीत बसला आणि ड्रायव्हर एकटा घाटात उतरला, हे त्यांना पटत नसे. मी दुसऱ्या दिवशी पहाटे केबिनमध्ये चढलो. अण्णांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "बसायचं तर बस. पन मधी बोलायचं न्हाई."

संगमनेरच्या जकात नाक्यावर पहिला प्रसंग झाला. समोर आडवा बांबू बघून अण्णांनी नेहमीसारखे लागोपाठ दोन पंप मारले. जुन्या ड्रायव्हरांना ही सवयच असे. झिजलेल्या ब्रेकला पहिल्या दाबाने काही होत नसे, दुसऱ्याने गाडी धरली जायची. इतकी वर्षं अण्णांचा पाय असाच चाललेला. आता पहिल्याच दाबाला ब्रेक लागले होते, दुसऱ्याला चाकं जागीच आवळली. गाडीने असा आचका दिला की माझं कपाळ काचेवर आपटलं आणि अण्णांची टोपी पायात पडली. नाक्यावरचा शिपाई हसत विचारत होता की बांबूशी काय भांडण आहे.

अण्णा चिडले. "ब्रेक चिकटत्यात. उतर, सैल कर."

बोलायचं नव्हतं, पण बोलावं लागलं. मी सांगितलं की ब्रेक चिकटत नाहीत. सैल केले तर घाटात पुन्हा दोनदा मारावे लागतील आणि भरल्या गाडीला दुसऱ्या वेळेपर्यंत थांबायला वेळ नसतो. ब्रेक बरोबर आहेत, एकदाच दाबायचा आणि धरायचा, काल गॅरेजात धरला होता तसा.

त्यांनी टोपी उचलून झटकली. माझ्याकडे न बघता गिअर टाकला. ब्रेक सैल कर असं पुन्हा म्हणाले नाहीत, पण वर जाईपर्यंत प्रत्येक ब्रेकला त्यांच्या कपाळावर आठ्या पडत होत्या. मला वाटलं, राजूरला ते दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला बोलावतील आणि माझ्यासमोर ब्रेक सैल करून घेतील. तसं झालं असतं तर मी परत गॅरेजात गेलो असतो की नाही, सांगता येत नाही.

राजूरला तांदळाची पोती भरून निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घाटाच्या तोंडाशी अण्णांनी खालचा गिअर टाकला, जसा कुठलाही चांगला ड्रायव्हर टाकतो. इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढत होतं. पहिली दोन वळणं त्यांनी ब्रेकला जवळजवळ पायच लावला नाही. तिसऱ्या वळणावर खालून एसटी आली. रस्ता अरुंद, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. एसटीच्या ड्रायव्हरला बाजूला व्हायला जागा नव्हती. थांबायला हवं होतं ते आम्हीच.

मी समोर बघत नव्हतो, अण्णांच्या गुडघ्याकडे बघत होतो. तो उचलला गेला. दोनदा मारण्याआधी तो असा उचलला जायचा हे मी लहानपणापासून बघितलं होतं.

मी म्हणालो, "एकदाच, अण्णा. धरून ठेवा."

पाय खाली गेला आणि तिथेच राहिला. गाडी ना डावीकडे ओढली गेली ना उजवीकडे. पाठीमागे पोती नुसती करकरली. कातळाला लागून, सरळ रेषेत, गाडी हळू होत होत थांबली. एसटी अंगाला अंग लावून वर निघून गेली. तिच्या ड्रायव्हरने हात वर केला, अण्णांनीही केला. मग ब्रेक सोडून ते पुढे निघाले. पुढची सगळी वळणं त्यांनी एकदाच दाबून घेतली. दर वेळी गुडघा उचलला जायचा आणि दर वेळी ते स्वतःला आवरायचे.

घाट उतरल्यावर त्यांनी गाडी झाडाखाली घेतली आणि खाली उतरले. घाट उतरल्यावर ड्रमला हात लावून बघायचं असतं. एखादं चाक थंड असेल तर त्याचा ब्रेक काम करत नाही, एखादं फार तापलं असेल तर तो ब्रेक सुटत नाही. हे काम माझं होतं, पण मी बसून राहिलो. अण्णा एकेका चाकापाशी वाकत होते, मागच्या चाकांच्या भोकांतून हात आत घालून हाताची पालथी बाजू टेकवत होते. एक फेरी झाली. मग त्यांनी दुसरी फेरी घातली.

परत येऊन त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि म्हणाले, "समदी सारखी तापल्यात."

पुढे संगमनेरला ड्रायव्हर लोकांच्या चहाच्या टपरीवर थांबलो. कोणीतरी विचारलं, ब्रेक कुठे बांधले. मी बशीत चहा ओतत होतो. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं. कॉलेज शिकल्यालं हाय माजं पोरगं, म्हनून खडू लावून बांधतंय." माझं कॉलेज आणि माझा पाना त्यांनी एका वाक्यात घेतला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यानंतर त्यांनी गाडीचं कुठलंही काम दुसरीकडे केलं नाही. पुढे मी नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आता मोठमोठ्या गाड्या येतात, हवेचे ब्रेक, दहा-दहा चाकं. पण रीत तीच आहे. वर्कशॉपच्या ऑफिसात माझ्यासाठी मी एक चांगली खुर्ची आणली होती. तिच्यावर बसायला मला कधी फुरसत मिळाली नाही. ती अण्णांनीच वापरली. ड्रायव्हरकी सुटल्यावर ते रोज येऊन तिच्यावर बसत आणि ब्रेकचं काम झालेली गाडी पहिल्या खेपेला फाटकातून निघाली की बाहेर येऊन केबिनमध्ये डोकावत. शेजारची जागा मोकळी दिसली तर काठी आडवी धरून गाडी थांबवत आणि माझ्या मिस्त्रींना हाक मारत. कधी कधी तो मिस्त्री मीच असे. तेव्हाही ते तशीच हाक मारत, आणि मी डबा घेऊन गाडीत चढत असे.