मफलर बांधून बघायचे डोंगर

शेजारचे अण्णा तरुणपणी पार उत्तर सरहद्दीवर जाऊन डोंगरांचे फोटो काढून आले होते. रविवारी संध्याकाळी बसवनगुडीतल्या आपल्या घरी ते जादूच्या कंदिलातून भिंतीवर दाखवत. मात्र आधी सगळ्यांना मफलर बांधायला लावत. "बर्फ बघताय, पडसं होईल!"

एकदा फोटोची काच लावायचा मान मला मिळाला. कंदिलात ती उलटी घालायची असते. मी शहाण्यानं सुलटी घातली. अण्णांचं लाडकं शिखर खेचरांसकट भिंतीवर उलटं लटकलं. लोक फिदीफिदी हसले. मफलरात माझे कान तापले.

"काढतो, अण्णा."

"स्वल्प थांब रे. घसरलो तेव्हा मला ते अस्संच दिसलं होतं."

हे खरं, की मला वाचवायला रचलेलं, देव जाणे. पण पुढच्या रविवारपासून ते शिखर अण्णा स्वतःच उलटं दाखवू लागले.